बैलजोडी, पणती आणि भोपाळचा पटिया

१९६७ साली भोपाळने लोकसभेवर नरगुंदचा माणूस निवडून दिला. जगन्नाथराव जोशी मूळचे धारवाड जिल्ह्यातले, संघाचे प्रचारक, गोवामुक्तीसाठी १९५५ साली सत्याग्रह करून पोर्तुगीजांच्या तुरुंगात गेलेले, कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत सभा गाजवणारे. भोपाळशी त्यांचं नातंगोतं काही नव्हतं. त्याच निवडणुकीत जुन्या भोपाळने विधानसभेवर शाकिर अली खान यांना पाठवलं, आणि शाकिर साहेब होते कम्युनिस्ट. एका शहराने दिल्लीसाठी जनसंघाची पणती निवडली आणि राज्यासाठी विळा-कणीस.

मी भोपाळच्या कॉलेजात इतिहास शिकवला. पक्ष म्हणजे काय, हे मुलांना समजावताना पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा मला हे एक वर्ष जास्त उपयोगी पडलं. जाहीरनामा वाचून मत देणारा मतदार मला या शहरात क्वचितच भेटला. पण आपले मतदार अडाणी, असं जे म्हणतात त्यांच्याशी माझं कधीच पटलं नाही. निवडणूक नसते त्या दिवसांत कोण दारात येतं, कोण ठाण्यावर सोबत चालतं, कोणाचं चिन्ह आपल्या घरातल्या कुठल्या गोष्टीशी जुळतं, यावरून भोपाळने पक्ष ओळखले. ही ओळख कशी घडली आणि कशी बदलली, ते मला सांगायचं आहे.

भोपाळला पक्ष उशिरा आले. नवाब हमीदुल्ला खान यांच्या संस्थानात प्रजामंडळ होतं. त्यात शाकिर अली खान होते, मौलाना तरझी मशरिकी होते, तरुण वकील शंकरदयाल शर्मा होते. देश स्वतंत्र झाला तरी भोपाळ भारतात विलीन झालं नव्हतं. १९४८ च्या अखेरीस विलीनीकरणाचं आंदोलन पेटलं. भाई रतनकुमारांचं 'नई राह' हे वृत्तपत्र त्याचं मुखपत्र झालं, हिंदू महासभेचे उद्धवदास मेहता त्यात उतरले, शर्मा तुरुंगात गेले. १४ जानेवारी १९४९ ला, संक्रांतीच्या दिवशी, नर्मदेवरच्या बोरास घाटावर तिरंगा फडकवणाऱ्या पोरांवर गोळीबार झाला आणि चार जण पडले. छोटेलाल, धनसिंह, मंगलसिंह, विशालसिंह. १ जून १९४९ ला केंद्राने कारभार हातात घेतला. पुढे या शहरात एकमेकांविरुद्ध उभे राहिलेले कितीतरी जण त्या हिवाळ्यात एका बाजूला होते. म्हणून भोपाळच्या पहिल्या पिढीच्या पुढाऱ्यांत पक्षाची भिंत फार उंच नव्हती. जुनी माणसं त्यांच्याविषयी बोलताना आधी माणसाचं नाव घेत, मग पक्षाचं.

१९५२ साली भोपाळ राज्याच्या ३० जागांच्या विधानसभेत काँग्रेसच्या २५ जागा आल्या आणि शर्मा मुख्यमंत्री झाले. मग १ नोव्हेंबर १९५६ उजाडला आणि आमचं घर या कथेत आलं.

बाबा नागपूरच्या सचिवालयात कारकून होते. जुन्या मध्य प्रदेशची राजधानी नागपूर. राज्यं नव्याने आखली गेली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नव्या मध्य प्रदेशची राजधानी भोपाळ ठरली. कर्मचाऱ्यांची वाटणी झाली. कुणी स्वतः निवडलं, कुणाच्या वाट्याला आलं. इटारसीवरून पाटा-वरवंटा, देवघर आणि पोरंबाळं घेऊन नागपूरची शेकडो मराठी कुटुंबं भोपाळला उतरली. ग्वाल्हेर-इंदूरकडून मध्य भारतातली मराठी माणसं आली. सगळ्यांना क्वार्टर मिळाले ते तात्या टोपे नगरात, म्हणजे आजच्या टी. टी. नगरात. आसपास घरांच्या संख्येवरूनच वस्त्यांची नावं पडली : चौहत्तर बंगले, पैंतालीस बंगले, बारासौ पचास. मी या क्वार्टरांत जन्मले.

एकाच घराण्यात एकाच पक्षाचे किती अर्थ होऊ शकतात, हे मी तिथे पाहिलं. १९५७ साली पुण्याचे आमचे काका संयुक्त महाराष्ट्र समितीसाठी दारोदार फिरत होते. त्यांच्या लेखी काँग्रेस म्हणजे मुंबई नाकारणारा पक्ष. नागपूरच्या आत्याच्या लेखी काँग्रेस म्हणजे शहराची राजधानी घालवणारा पक्ष. आणि भोपाळात बाबांच्या लेखी काँग्रेस म्हणजे क्वार्टर, पगार, नव्या राजधानीचे आखलेले रस्ते, आणि गोविंदपुऱ्याकडे उभा राहत असलेला हेवी इलेक्ट्रिकल्सचा, म्हणजे आजच्या भेलचा, कारखाना. तिघे दिवाळीला एकत्र आले की वाद रंगे. तिघांचंही खरं होतं, कारण प्रत्येकजण आपल्या उंबऱ्यावरून बघत होता. १९६६ नंतर दादरचे मामेभाऊ शिवसेनेचं सांगू लागले. परप्रांतीयांनी मराठी माणसाच्या नोकऱ्या घेतल्या, हे त्यांचं दुःख आम्हाला कळत होतं. पण आम्ही स्वतः परप्रांतात सरकारी नोकरी धरून बसलेले मराठी. भोपाळात कुणी आम्हाला तसं म्हटलं असतं तर? आई हा प्रश्न विचारी आणि बैठकीत सगळे गप्प होत.

त्या काळी मत देण्याची पद्धत लक्षात घ्यायला हवी. १९५२ आणि १९५७ च्या निवडणुकांत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि तिच्यावर चिन्ह चिकटवलेलं असे. मतदार पडद्याआड जाऊन कोऱ्या मतपत्रिकेची घडी त्या पेटीत टाकी. आजी वर्ध्याकडची. काँग्रेसच्या पेटीवर जुवाखालचे दोन बैल पाहून तिला पोळा आठवला आणि तिने आधी नमस्कार केला, मग मत टाकलं. हे ती आयुष्यभर अभिमानाने सांगे. शेजारच्या जोशीकाकू जनसंघाच्या पणतीला मत देत, आणि दिवा विझू द्यायचा नसतो, एवढंच कारण सांगत. प्रजासमाजवाद्यांची झोपडी, महासभेचा घोडेस्वार, रामराज्य परिषदेचा उगवता सूर्य. सरकारी नोकराने राजकारणावर बोलायचं नाही, म्हणून बाबा चूप. पण आम्ही पोरं सगळ्या पक्षांचे बिल्ले गोळा करायचो आणि एकाच फ्रॉकवर लावायचो. १९६९ ला काँग्रेस फुटली, बैलजोडी गोठवली गेली, आणि १९७१ ला इंदिराबाईंच्या काँग्रेसचं चिन्ह गायवासरू आलं. मतदान करून आलेली आजी अस्वस्थ होती. बैल कुठे गेले, हे तिला कुणी नीट सांगितलं नव्हतं. पक्षफुटीचा सगळा इतिहास मी पुढे शिकवला, तो तिच्या त्या प्रश्नापासून सुरू करून.

जुन्या शहरात चिन्हापेक्षा पटिया मोठा होता. चौक, इब्राहिमपुरा, पीरगेट, बुधवारा या भागांत दुकानांपुढे दगडी फरशा आहेत. दुकानं बंद झाली की रात्री लोक त्यांवर बसतात. चहा, पान, शेर, बुद्धिबळ आणि राजकारण. यालाच पटियेबाजी म्हणतात. बाबा चोरून, पण नियमित, शनिवारी रात्री तिथे जात. शाकिर साहेबांची जागा या पटियांवर तयार झाली. नमाज पढणारी, नवाबी आठवणी जपणारी वस्ती एका कम्युनिस्टाला पुन्हा पुन्हा निवडून देत होती, हे बाहेरून आलेल्या बातमीदारांना कोडं वाटे. पटियावर बसणाऱ्याला त्यात कोडं नव्हतं. हा माणूस नवाबाशी भांडला, तुरुंगात गेला, गिरणीच्या कामगारासोबत उभा राहिला, दंगल होऊ नये म्हणून रात्री गल्लीत फिरला. विळा-कणीस म्हणजे मॉस्को, हे वर्तमानपत्रात. जुन्या भोपाळात विळा-कणीस म्हणजे शाकिर साहेब. ते गेल्यावर ते चिन्ह जुन्या भोपाळात पुन्हा तसं रुजलं नाही, ही त्या पक्षाची मोठी हानी होती. गॅसपीडितांसाठीच्या एका रुग्णालयाला त्यांचं नाव आहे, ते योग्यच झालं.

पणतीची गोष्ट वेगळी. ती एका माणसावर उभी नव्हती. धारला जन्मलेले कुशाभाऊ ठाकरे १९४२ पासून प्रचारक. जनसंघ निघाल्यावर त्यांनी मध्य प्रदेशात गावोगाव माणसं जोडली. अविवाहित, सामान एका पिशवीचं, आणि कार्यकर्त्याला नावाने ओळखणारे. आकडे पाहा : विधानसभेत १९५७ ला जनसंघाचे १० आमदार, १९६२ ला ४१, १९६७ ला ७८. या वाढीमागे लाट नव्हती. सतरंज्या उचलणाऱ्या, मतदारयाद्या तपासणाऱ्या, हरलेल्या जागी दुसऱ्या दिवशी परत जाणाऱ्या माणसांची ती कमाई होती. त्यांचा विचार मला सगळाच मान्य नाही. मुसलमान शेजाऱ्याकडे बघण्याची त्यातली नजर मला नेहमी खुपली. पण पक्ष बांधणं हे काम असतं आणि ते या लोकांनी केलं, हे इतिहास शिकवणाऱ्या माणसाने स्पष्ट सांगायला हवं. १९६७ साली अन्नटंचाई होती, महागाई होती, गोरक्षणाचं आंदोलन ताजं होतं, आणि मुख्यमंत्री द्वारकाप्रसाद मिश्रांच्या कारभाराविरुद्ध ग्वाल्हेरच्या राजमाता उतरल्या होत्या. अशा वेळी दहा वर्षं तयार होत असलेल्या यंत्रणेने जगन्नाथरावांसारखा वक्ता उभा केला. टी. टी. नगरातल्या मराठी घरांना त्यांच्या हिंदीत आपलं वळण ऐकू आलं. मी तेव्हा लहान होते, पण सभेहून परतणाऱ्या बायकांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मला आठवतो. आपल्यातलं कुणीतरी माईकवर बोललं होतं.

आणि निकाल लागून काही महिने होतात तोच मतदाराच्या हाताबाहेरची गोष्ट घडली. जुलै १९६७ मध्ये गोविंदनारायण सिंह यांच्यासह ३६ काँग्रेस आमदार पक्ष सोडून गेले. मिश्रांचं सरकार पडलं आणि संयुक्त विधायक दलाचं आलं. त्यात जनसंघही होता. विधानसभा तेव्हा मिंटो हॉलमध्ये भरे. नवाबी काळातली ती देखणी इमारत, आज तिला कुशाभाऊंचंच नाव आहे. ज्यांनी बैलजोडीला मत दिलं त्यांचा आमदार दुसऱ्या बाकावर जाऊन बसला होता आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. १९८५ ला पक्षांतरबंदीचा कायदा झाला. तरी मार्च २०२० मध्ये याच विधानसभेच्या २२ आमदारांनी राजीनामे दिले आणि सरकार बदललं. या दोन घटनांनी भोपाळच्या मतदाराच्या मनात पक्ष या गोष्टीची किंमत जितकी कमी केली, तितकी कुठल्याही घोटाळ्याने केली नाही, असं माझं ठाम मत आहे.

आणीबाणीनंतर १९७७ ला भोपाळने आरिफ बेग यांना निवडलं आणि शंकरदयाल शर्मांना हरवलं. ही शहराची मोठी गोष्ट. शर्मा म्हणजे इथल्या गल्लीतला मुलगा, केंब्रिजचा डॉक्टर, काँग्रेसचा माजी अध्यक्ष. आणि जनता पक्षाच्या नांगरधारी शेतकऱ्याला जुन्या आणि नव्या, दोन्ही शहरांनी मत दिलं. जानेवारी १९८० ला मी पहिल्यांदा मत दिलं तेव्हा लोक पुन्हा शर्मांकडे वळले होते. १९७७ ते १९८० या काळात जनता पक्षाने मध्य प्रदेशाला तीन मुख्यमंत्री दिले. आपसात भांडणाऱ्यांना लोक दुसरी संधी देत नाहीत.

आता गॅस. याबद्दल मला थांबून लिहायचं आहे.

१९८४ साली अर्जुनसिंह सरकारने झोपडपट्टीतल्या भूमिहीनांना पट्टे देण्याचा कायदा केला. एकबत्ती कनेक्शन दिलं. युनियन कार्बाइडच्या कारखान्यासमोरच्या जयप्रकाश नगरात, आसपासच्या वस्त्यांत लोकांना पहिल्यांदा कागद मिळाला की ही जमीन तुझी. त्यांच्या दृष्टीने काँग्रेस म्हणजे तो कागद आणि तो बल्ब. त्याच वर्षी २ डिसेंबरच्या रात्री, लोकसभेच्या प्रचाराच्या धामधुमीत, कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटला. पट्टे मिळालेली घरं सगळ्यांत आधी सापडली. वारा जुन्या शहराकडे होता. नव्या शहरातले आम्ही बहुतेक वाचलो, आणि ही गोष्ट मनात घेऊनच मी पुढे जगले. शहराचे ५६ वॉर्ड. त्यातले ३६ गॅसग्रस्त ठरले, २० नाही. त्या रेषेने भोपाळचं राजकारण पुढे कित्येक वर्षं आखलं.

त्यानंतरही इथे काँग्रेसच जिंकली. लोक म्हणतात, भोपाळचे मतदार विसरले. मला हे म्हणणं अन्यायाचं वाटतं. इंदिराबाईंच्या हत्येनंतरची ती लाट होती, आणि श्वास लागणाऱ्या माणसाला दवाखाना सरकारच देणार होतं. सरकारशी भांडायची ताकद कुठून आणणार? फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. ज्यांच्या नावाने झाली त्यांना विचारलं गेलं नाही. त्याच वर्षीच्या निवडणुकीत भोपाळ भाजपकडे गेलं ते आजपर्यंत परतलेलं नाही. १९८९ ते २०२४, सलग दहा लोकसभा निवडणुका. केंद्रात विश्वनाथ प्रताप सिंहांच्या सरकारने १९९० मध्ये गॅसग्रस्त वॉर्डांत माणशी महिना २०० रुपयांचा अंतरिम दिलासा सुरू केला. आमच्याकडे कामाला येणारी बाई चांदबड वस्तीतली होती. ती पक्षांची नावं घेत नसे. पट्टेवाले आणि दोनसौवाले, असं म्हणे.

पण गॅसपीडितांच्या बाजूने चिकाटीने कोण उभं राहिलं? पक्ष नव्हे. अब्दुल जब्बार यांच्या संघटनेतल्या बायका शनिवारी शाहजहानी पार्कात जमायच्या. जब्बारभाई २०१९ ला गेले, तोवर हा क्रम चालला. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ल यांनी दिल्लीपर्यंत पायी मोर्चा नेला. त्या बुरख्यातल्या आणि डोक्यावर पदर घेतलेल्या बायका एका चटईवर बसत. पक्षाने जे काम करायचं ते सगळं त्यांनी केलं : सभासद नोंदले, कागद लिहिले, कोर्टात गेल्या, एकमेकींना सांभाळलं. निवडणूक मात्र त्यांना जिंकता आली नसती. मताचा हिशेब वेगळा आणि दुःखाचा वेगळा, हे भोपाळात फार उघड दिसलं, आणि मला त्याचा राग आहे.

१९९१ ला काँग्रेसने मन्सूर अली खान पतौडींना उभं केलं. क्रिकेटचे कप्तान आणि भोपाळच्या शेवटच्या नवाबांचे नातू. ते भाजपचे सुशीलचंद्र वर्मा यांच्याकडून हरले. वर्मा राज्याचे माजी मुख्य सचिव. नवाबाच्या नातवापेक्षा सचिवालयाचा साहेब या शहराला आपला वाटला, कारण शहर आता सचिवालयाचं झालं होतं. डिसेंबर १९९२ च्या दंगलीत शंभराहून जास्त माणसं मेली. गॅसनंतर एकमेकांचे डोळे धुणारी माणसं एकमेकांच्या गल्लीत जायला घाबरू लागली. पटियांवरची बैठक मोडली नाही, पण बसणारे वेगवेगळे झाले. पुढे हळूहळू उत्तर भोपाळ एक पक्ष ओळखू लागलं आणि बाकीचं बहुतेक भोपाळ दुसरा. आरिफ अकील उत्तरेतून १९९० ला अपक्ष म्हणून निवडून आले, पुढे काँग्रेसतर्फे १९९८ ते २०१८ सलग पाच वेळा. भाजपचे बाबूलाल गौर गिरणीत काम केलेले मजूर संघटनेचे कार्यकर्ते. १९७४ पासून सलग दहा वेळा जिंकले, त्यातल्या आठ वेळा भेलच्या गोविंदपुऱ्यातून. दोघांच्या मतदारांना त्यांच्या पक्षाचं धोरण विचारा. ते तुम्हाला कुठली नळजोडणी कधी आली ते सांगतील.

अलीकडचं सगळ्यांना माहीत आहे. २००३ ची वीज-सडक-पाण्याची निवडणूक, २०२३ ची लाडली बहना. महिन्याला खात्यात येणारी रक्कम आज बायकांच्या बोलण्यात पक्षाच्या नावाआधी येते. पट्ट्याचा कागद तसाच आधी यायचा. यात हिणवण्यासारखं काही नाही. ज्याच्या हातात कधीच काही आलं नाही, त्याला हातात आलेली गोष्ट दिसते. माझी तक्रार पक्षांशी आहे. देणारा हात दाखवला की विचार सांगायची गरज उरत नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं आहे. कुशाभाऊ आणि शाकिर साहेब एकमेकांचे कट्टर विरोधक, पण आपण कशासाठी उभे आहोत हे दोघेही गल्लीत उभं राहून सांगू शकत होते.

हा इतिहास लिहिण्याचं साहित्य झपाट्याने नाहीसं होत आहे. टी. टी. नगरचे जुने क्वार्टर पाडले जात आहेत आणि सामान आवरताना ट्रंकांतले बिल्ले, उर्दू-हिंदी पत्रकं, नागपूरहून आलेली बदलीची पत्रं रद्दीत जातात. भोपाळात माधवराव सप्रे स्मृती समाचारपत्र संग्रहालय आहे. टिळकांचं 'गीतारहस्य' हिंदीत नेणाऱ्या मराठी माणसाच्या नावाने १९८४ साली सुरू झालेलं. भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर, जबलपूरच्या मराठी कुटुंबांना माझी विनंती आहे : घरातली अशी कागदपत्रं टाकू नका, तिथे नेऊन द्या. आणि घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल, तर त्यांनी पहिलं मत कोणत्या चिन्हाला दिलं आणि का दिलं, हे या आठवड्यात विचारून लिहून ठेवा.